तिला घरी पाठवू नकोस

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेदहा

चि. सोनूस आईचे अनेक आशीर्वाद.

तू मुलांसाठी लिहितेस त्या वळिवड्याच्या पोलिश छावणीच्या गोष्टीची तीन प्रकरणं मिळाली. कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट काढून आणली, कारण मोबाइलवर वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. काल दुपारी एकदा वाचली, आज जेवणं उरकल्यावर परत घेऊन बसले. फोनवर सांगायला गेले की आपण दोघी दोन मिनिटांत तुझ्या मेसच्या आमटीवर येऊन थांबतो, म्हणून हे सगळं लिहूनच काढते. सावकाश वाच.

पहिलं म्हणजे विषय तू हाच निवडलास याचा मला फार आनंद झाला. 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले आणि तिथल्या कोल्हापूरच्या स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली, त्या रात्री तू पुण्याहून फोन करून विचारलं होतंस, "आई, पोलंडमध्ये कोल्हापूरचं स्मारक कशाला?" मला आश्चर्य वाटलं होतं. महावीर उद्यानातल्या त्या पोलिश स्तंभाभोवती तू लहानपणी शिवाशिवी खेळलीस. पण चूक तुझी नाही. आम्हीच कधी सांगितलं नाही. वळिवडे हे तुझ्या बाबांचं गाव, तिथं 1943 ते 1948 अशी पाच वर्षं युद्धात घर गेलेली सुमारे 5,000 पोलिश माणसं छावणीत राहिली, आणि घरात त्याबद्दल बोलणं निघायचं ते फक्त दुधाच्या संदर्भात. दुधाचं पुढं सांगते.

तुझ्या पोलिश मुलीचं हान्या हे नाव छान आहे. आपल्या कानाला ते मुलाचं वाटतं, गण्या-बाळ्यासारखं, आणि गावातली तुझी गोदा पहिल्याच भेटीत "मुलगी असून हान्या?" म्हणते ते अगदी खरं वाटलं. हान्या आईला "मामा" म्हणून हाक मारते आणि गोदा तिचा मामा कुठं दिसतोय म्हणून इकडंतिकडं बघते, ते वाचून मी मोठ्यानं हसले. पोलिश भाषेत आईला मामा म्हणतात हे तू शोधून काढलंस. अशा जागा वाढव.

आता चुका. स्टेशनवर उतरताच हान्याला गुऱ्हाळाचा वास येतो असं तू लिहिलंस. तिला तू जुलैत आणलं आहेस. जुलैत कुठलं गं गुऱ्हाळ? ती सुरू होतात दिवाळीच्या आगेमागे. जुलैत वळिवड्याला वास येणार तो चिखलाचा, भिजलेल्या शेणाचा आणि पंचगंगेच्या गढूळ पाण्याचा. गुळाचा वास तिला चारपाच महिन्यांनी येऊ दे. तोवर तिला गोदा भेटलेली असेल आणि हा कसला वास म्हणून विचारायला कुणीतरी असेल.

दुसरी चूक मोठी आहे. तू लिहिलंस, "मग युद्ध सुरू झालं आणि हिटलरच्या सैनिकांनी त्यांना घरातून हाकललं." मुलांच्या गोष्टींत युद्ध म्हटलं की हिटलर येतोच, म्हणून तुझ्या हातून ते आलं असणार. पण वळिवड्यात आलेल्या बहुतेकांचं घर स्टालिनच्या माणसांनी मोडलं होतं. 1 सप्टेंबर 1939 ला जर्मन फौजा पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसल्या, आणि 17 सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून. देश दोघांनी वाटून घेतला. पूर्वेकडच्या लाखो माणसांना गुरांच्या डब्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान, अर्खांगेल्स्ककडच्या जंगलांत नेलं. मुलांना हे कळणार नाही असं समजू नकोस. दोन बाजूंनी दोन चोर आले, एवढं दहा वर्षांच्या पोराला कळतं.

यात तुला एक निवड करावी लागेल, आणि ती आधीच करावी लागेल, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी राहणार आहे. हान्याच्या कुटुंबाला कोणत्या गाडीनं नेलं? 10 फेब्रुवारी 1940 ला नेलं ते मुख्यतः जुन्या सैनिकांना, ज्यांना सरकारनं सीमेलगत जमिनी दिल्या होत्या, आणि जंगलखात्यातल्या माणसांना. पुरुष, बायका, पोरं सगळी एकत्र. एप्रिलच्या गाड्यांतून नेलं ते ज्यांचे कर्ते पुरुष आधीच पकडले गेले होते अशा घरांतल्या बायकामुलांना. त्या पुरुषांत पोलिश सैन्यातले अधिकारी होते, आणि त्यातल्या हजारोंना त्याच वसंतात कातिनच्या जंगलात आणि आणखी काही ठिकाणी मारून पुरलं गेलं. घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता. कातिनची थडगी सापडल्याची बातमी जगाला कळली 1943 च्या एप्रिलमध्ये. म्हणजे वळिवड्याच्या बराकी भरत होत्या तेव्हा तिथल्या काही बायका वर्तमानपत्रांतल्या याद्यांमध्ये आपल्या माणसाचं नाव नसू दे म्हणत असणार.

मला विचारशील तर हान्याचे वडील जंगलखात्यातले कर. फेब्रुवारीच्या गाडीत बसव. आणि शेजारच्या खोलीत एप्रिलच्या गाडीची एक मुलगी ठेव, जिला पत्र कधीच येत नाही. तिच्याबद्दल फार लिहू नकोस. पोस्टमन आला की ती आत जाते, एवढं पुरे.

ती फेब्रुवारीची पहाट मात्र दमानं लिही. तू एका परिच्छेदात उरकली आहेस. दारावर बंदुकीचा दस्ता आपटतो, अर्ध्या-पाऊण तासात सामान बांधायला सांगतात, बाहेर कडाक्याचं बर्फ. तुझ्या हान्यानं बाहुली उचलली. उचलू दे, पण तिच्या आईनं काय उचललं? मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत होते. मी असते तर रजया घेतल्या असत्या, पिठाचा डबा, मिठाची पुडी, मोठं पातेलं, सुई-दोरा, कात्री. फोटो आठवलाच नसता. आणि मग वर्षभरानं, त्या जंगलात लाकडं तोडताना, फोटो न घेतल्याचं आठवून ती आई किती रडली असेल. मुलांना मोठ्या माणसांची अशी चूक वाचायला मिळायला हवी, सोनू.

भावाचं सांगते. यानेक "देवाघरी गेला" आणि सगळे खूप रडले, असं तू तीन ओळींत लिहिलंस. तुला ते लिहिताना त्रास झाला असणार, म्हणून तू पळालीस. मला कळतं. पण लहान वाचक अशा ठिकाणी थांबून राहतो, लेखक पळाला की त्याला एकटं वाटतं. रडणं कमी कर. तिथं पाव तोलून मिळायचा. आई पावाचे चार वाटे करायची, आजारी यानेकचा वाटा थोडा मोठा. एके दिवशी आई सवयीनं चार वाटे करते, चौथा हातात धरून बसते, आणि मग त्याचे परत तीन करते. हान्या तुकडे कमी-जास्त झालेत का ते बघते, आपल्याला मोठा आला म्हणून आधी तिला बरं वाटतं, आणि नंतर कळतं की का. यापुढं एक शब्द लिहू नकोस.

मग 1941 च्या जूनमध्ये हिटलरनं स्टालिनवरच हल्ला केला आणि सोव्हिएत व पोलिश हे कालचे शत्रू दोस्त झाले. या पोलिश माणसांना "माफी" मिळाली. कोणता गुन्हा माफ केला हे कुणी सांगितलं नाही. जनरल अँडर्स यांनी तिथं पोलिश सैन्य उभारायला घेतलं, आणि त्या सैन्याच्या मागं मागं त्यांची बायकामुलं दक्षिणेला निघाली. 1942 मध्ये सैनिक आणि कुटुंबं मिळून लाखावर माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. वाळूवरच त्यांचे उवांनी भरलेले कपडे जाळले, डोकी भादरली. कितीतरी जण तिथं पोचल्यावर, पोटभर अन्न समोर आल्यावर मेले, कारण आतडी आणि ताप ते सोसू देत नव्हते. तिथून तेहरान, अहवाझ, कराची, आणि मग वळिवडे. काही मुलं जामनगरजवळच्या बालाचडीला गेली, नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी त्यांना ठेवून घेतलं. ती मुलं त्यांना बापू म्हणायची. 1946 मध्ये ती छावणी बंद झाली तेव्हा तिथली बरीच मुलं आपल्याकडं आली.

डोकं भादरलेलं, हे तू वापरलं नाहीस. वळिवड्यात येईतो हान्याचे केस कसेबसे मानेपर्यंत आले असतील. 1943 च्या गावात गोदाच्या आजीनं तशा केसांच्या बाया कुठं पाहिल्या असणार? ब्राह्मणवाड्यातल्या विधवा. नऊ वर्षांच्या पोरीकडं बघून ती म्हातारी मनात काय म्हणेल, आणि काही न विचारता तिच्या डोक्याला मूठभर खोबरेल कशी थापेल, हे तुझ्या तिसऱ्या प्रकरणातल्या भाषणापेक्षा मला वाचायला आवडेल.

आलं बघ, भाषण. पाटील चौकात उभे राहून म्हणतात, "अतिथी देवो भव, आम्ही तुम्हाला आमच्या घरात जागा दिली." सोनू, मला या पानाचा थोडा रागच आला. आपल्या माणसांनी माया केली हे खरं, आणि कोल्हापूरला त्याचा अभिमान वाटावा हेही खरं. पण छावणीचा खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार करत होतं. मुंबईतले त्यांचे कॉन्सुल बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा यांनी या लोकांसाठी रात्रंदिवस खपून व्यवस्था लावली. आणि पाटील कुठल्या तोंडानं जागा देणार? आपणच तेव्हा पारतंत्र्यात होतो. आदल्याच वर्षी चले जाव झालं होतं. शेजारी साताऱ्यात नाना पाटलांचं पत्री सरकार उभं राहत होतं, माणसं भूमिगत होती, बंगालात लोक भुकेनं मरत होते, इथं धान्याला रांगा होत्या. गोदाच्या घरी एखादा काका उसाच्या फडात लपलेला असू शकतो. ज्या गोऱ्या साहेबाच्या दोस्तीमुळं हान्या जगली, त्याच साहेबाचे पोलीस गोदाच्या काकाला शोधत होते. दोन्ही मुलींना यातलं अर्धंमुर्धंच कळेल. तेवढंच लिही, पण भाषण काढून टाक.

आणि ते सगळे एका घरात राहत होते असंही नको दाखवूस. छावणी म्हणजे त्यांचं स्वतःचं गावच होतं. लांबच लांब बराकी, त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउट. मास्तर पोलिश, पुस्तकं पोलिश. ज्यांची छाती बिघडलेली त्यांना पाचगणीला पाठवायचे. गावाशी गाठ पडायची ती देण्याघेण्यात: भाजीवाला, शिंपी, चांभार, दूधवाला.

तर दूध. तुझे वळिवड्याचे पणजोबा छावणीत दूध घालायचे, हे तुला ठाऊक आहे. त्यांना पोलिशमधला एकच शब्द नीट यायचा, म्लेको. म्लेको म्हणजे दूध. बराकींच्या ओळीतून तोच ओरडत जायचे. आत्या सांगते, म्हातारपणी सुद्धा गोठ्यातून येताना कधीतरी लहर आली की तेच ओरडत यायचे आणि घरातली पोरं हसून लोळायची. तुझी गोदा कथेत बराकीत जाते ती कारणाशिवाय. तिला या दुधाच्या किटलीबरोबर आत ने. मग तिला रोज जाता येईल, उंबऱ्यावर उभं राहून आत बघता येईल, आणि परत आपल्या घरी येता येईल.

आता मी एक प्रसंग सुचवते. वाटलं तर घे. 1943 चा 24 डिसेंबर. पोलिश माणसांकडं नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण मोठं असतं, आणि ते आकाशात पहिली चांदणी दिसली की सुरू होतं, त्याआधी नाही. पोरं बाहेर उभी राहून चांदणी शोधतात. टेबलावर पांढरं कापड घालतात आणि त्याखाली थोडं गवत पसरतात, कारण येशू गोठ्यात जन्मला. आता वळिवड्यात गवत कोण आणून देणार? गोदा. संध्याकाळच्या दुधाबरोबर ती गवताची पेंढी आणते, तिला वाटतं या लोकांनी म्हैस घेतली. आणि बघते तर हान्याची आई ते गवत, काड्या एकसारख्या करून, टेबलावर पसरते आहे, जशी आपण पाटाभोवती रांगोळी घालतो. वर कापड. कापडाला मधेच गवताचा फुगवटा येतो, तो ती तळव्यानं दाबून बसवते, परत येतो, परत दाबते. गोदाच्या नाकाला आपल्या गोठ्याचा वास येतो, परक्याच्या घरात.

मग ती पानं मोजते. हान्या आणि तिची आई, दोघीच तर आहेत. ताटल्या तीन. त्या सणाला एक ताटली जास्तीची मांडायची त्यांची पद्धत आहे, अचानक दारात कुणी आलं तर त्याच्यासाठी. पण गोदाला हे कोण सांगणार? आपल्याकडं माणूस नसताना पान वाढतात ते कधी? पितृपंधरवड्यात. पोरगी काय समजेल? हान्याचे वडील लढाईवर आहेत हे तिला माहीत आहे, तिचे स्वतःचेही वडील पलटणीत आहेत. ती रिकामं पान बघते आणि किटली तिथंच टाकून पळत सुटते. घरी येऊन आजीला सांगते की हान्याचा बाप गेला. आजी पदर डोळ्यांना लावते, उठते, आपल्या रिवाजाप्रमाणं दुखवट्याच्या घरी द्यायला पिठलं-भाकरी करते, टोपलीत घालून अंधारात बराकीकडं जाते. दार उघडतं. आत मेणबत्ती, तीन ताटल्या. दारात अनोळखी म्हातारी, हातात जेवण. हान्याची आई बाजूला होते आणि त्या रिकाम्या ताटलीकडं बोट दाखवते.

पुढं काय होतं ते तू लिही. आजी सोवळ्याओवळ्याची असेल, कदाचित बसणार नाही, भाकरी ठेवून परत फिरेल. कदाचित बसेल. मला खरंच ठरवता येत नाही. मला एवढंच दिसतं की दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही आणि दोघींचाही गैरसमज त्या रात्री दूर होत नाही.

वडिलांचं बघ. हान्याच्या वडिलांना तू "दूर कुठंतरी लढत होते" असं ठेवलंस. त्यांना जागा दे. अँडर्सचं सैन्य इराण, इराक, पॅलेस्टाइन करत इटलीत गेलं. 1944 च्या मेमध्ये माँते कासिनोच्या डोंगरावरच्या मठासाठी मोठी लढाई झाली. 11 मेच्या रात्री पोलिश सैनिक डोंगर चढायला लागले, आणि त्याच रात्री खालच्या दरीत 8 वी भारतीय डिव्हिजन गारी नदी ओलांडत होती. त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. 18 मेला पोलिश झेंडा मठाच्या ढिगाऱ्यावर लागला. तेव्हा तुझ्या दोन्ही मुलींचे बाप, एकमेकांची नावंसुद्धा ठाऊक नसलेले, एकाच लढाईत होते असं तू लिहू शकतेस, आणि त्यात काहीही ओढूनताणून होणार नाही.

माझे आजोबा, तुझे बेळगावचे पणजोबा, त्याच पलटणीतून इटलीत गेले होते. बेळगाव पलटणीचं गाव, तिथल्या गल्लीगल्लीत इटली बघून आलेली माणसं होती. आजोबा त्याबद्दल काही बोलायचे नाहीत. आम्ही पोरं मागं लागायचो, "आजोबा, इटलीत काय होतं?" एकदाच म्हणाले, "चिखल. लई चिखल." आणि घोंगडी घडी घालत राहिले, कोपऱ्याला कोपरा जुळवून, एक बोट इकडंतिकडं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्याच तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव पुस्तकांत आहे. माझ्या आजोबांचं कुठं नाही, आणि आजीनं तीन वर्षं पोस्टमनची वाट पाहिली त्याची नोंद कुठं असणार? त्यामुळं मला तुझी गोदा हवी आहे. छावणीत शेकडो पोलिश बायका टपाल बघत बसल्या होत्या, आणि कुंपणाबाहेर आपल्याही बाया तेच करत होत्या. हान्या आणि गोदाची मैत्री होते ती याच एका गोष्टीवरून. पोस्टमन एकच, तो सायकलवरून आधी कुणाकडं वळतो एवढंच.

आता शेवट, ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. तू मला फोनवर सांगितलंस की युद्ध संपतं, वडील जिवंत निघतात, आणि हान्या गाडीच्या खिडकीतून हात हलवत "आपल्या घरी" पोलंडला जाते. मधे तू दुसराही शेवट म्हणाली होतीस, की ती इथंच राहते, गावकरी तिचं नाव हौसा ठेवतात आणि ती म्हणते, मी आता कोल्हापूरची.

दोन्ही नकोत गं.

तिला घरी पाठवू नकोस, कारण घर उरलेलं नव्हतं. 1945 च्या फेब्रुवारीत याल्टाला चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन या तीन मोठ्या माणसांनी बसून नकाशावर रेघ ओढली आणि पोलंडचा पूर्वभाग सोव्हिएत संघाकडं गेला. हान्याचं जंगल, तिची शाळा, ल्वूफ शहर, सगळं दुसऱ्या देशात. ज्या राज्यानं त्यांना गुरांच्या डब्यात घातलं त्याच राज्यात. ज्या वडिलांनी पोलंडसाठी कासिनोचा डोंगर चढला, त्यांना परतायला पोलंडातलं स्वतःचं गाव नव्हतं. वळिवड्यातली काही माणसं नव्या पोलंडात गेली. पुष्कळ गेली नाहीत. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी आफ्रिकेतल्या छावण्यांत, कुणी कॅनडाला. हान्याचे वडील सैन्यातून सुटून इंग्लंडात थांबले असतील तर ती 1947-48 मध्ये तिकडं जाईल, आणि पाचसहा वर्षांनी भेटलेल्या बापाला ओळखणार नाही. ती त्याच्याशी बोलेल त्यात चार मराठी शब्द येतील, ते त्याला कळणार नाहीत. तिथून पुढं त्यांचं काय होतं ते मुलांना स्वतःच्या मनानं पुरं करू दे.

आणि हौसा? प्रेमानं हाक मारू दे की. गोदाची आजी मारेलच, तिच्या जिभेला हान्या यायचं नाही. पण हान्यानं ते नाव स्वतःचं म्हणून घ्यावं असं मला वाटत नाही. घर गेलं, भाऊ गेला, केस गेले, भाषा वळिवड्याच्या बराकीत कशीबशी जपली. या सगळ्यातून तिच्यापाशी उरलेली एक वस्तू म्हणजे तिचं नाव, ते आपण काढून घेऊन वर तिला आपलं म्हणायचं? मी बेळगावची. लग्नात तुझ्या आजीनं ताटातल्या तांदळावर माझं नवं नाव लिहायला सांगितलं, तेव्हा बाबांनी अंगठीनं माझंच नाव परत लिहिलं. तेवीस वर्षांच्या पोरीला त्या क्षणी या घराबद्दल जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुला सांगते. त्या दिवसापासून हे घर माझं आहे.

खऱ्या इतिहासात एक पोलिश मुलगी लग्न करून कोल्हापुरात राहिली, नावही मराठी घेतलं, मराठी संसार केला. तो तिचा निर्णय होता, मोठेपणी घेतलेला. तो वेगळा.

मग शेवट कुठं करायचा? वाटलं तर त्या रिकाम्या बराकीत कर. पोलिश माणसं गेली आणि थोड्याच काळात तिथं फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं उतरली. त्याच बराकी. तेच आजचं आपलं गांधीनगर. तुझ्या मावशीच्या लग्नाचा बस्ता आपण तिथं बांधला, तू पाच वर्षांची होतीस, साड्यांच्या ढिगात झोपून गेलीस. दुकानातल्या आजोबांनी तुझ्या अंगावर नवीन शालू पांघरला आणि म्हणाले, "झोपू दे, झोपू दे, मी पण एवढाच होतो इथं आलो तेव्हा, असाच जमिनीवर झोपलो." मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. तुझी प्रकरणं वाचताना आठवलं. तो मुलगा बराकीत शिरला तेव्हा लाकडी खांबावर हान्याच्या आईनं मेरीची तसबीर लावायला ठोकलेला खिळा असेल ना? गोदा अजून दूध घालायला येतच असेल. ती सवयीनं दारात थांबून म्लेको म्हणेल, आणि आतून एक सिंधी बाई भांडं घेऊन बाहेर येईल. गोदाला आता आणखी एका भाषेतलं दूध शिकायचं आहे.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा आपण वळिवड्याला जाऊ. 2019 मध्ये तिथं उभारलेला स्तंभ तू पाहिलेला नाहीस. कोल्हापुरात त्यांची दफनभूमी आहे तिथंही जाऊ. वही घे, मोबाइल नको. दगडांवरच्या तारखांमधली वर्षं वजा करून बघ, म्हणजे कोण किती लहान होतं ते कळेल. मला ते एकटीनं बघवत नाही.

चौथं प्रकरण घाईनं पाठवू नकोस. परीक्षा आधी. चकल्या आणि मेतकूट पाठवलंय, बाबांचे मित्र शुक्रवारी पुण्याला येताहेत त्यांच्याकडून घे. बाबांनी तुझं पहिलं प्रकरण वाचलं आणि गच्चीवर जाऊन बराच वेळ उभे होते. खाली आल्यावर एवढंच म्हणाले, वळिवड्याच्या विहिरीचं वर्णन बरोबर आहे.

तुझी,
आई

ता. क. आत्ताच आत्याला फोन लावला. झोपली होती, पण विषय ऐकून उठून बसली. तिला विचारलं, आजोबा नेमकं कसं ओरडायचे? "म्लेको" नाही म्हणे, "म्लेऽऽक्को", शेवटचा क्को एकदम तोडून, आणि प्रत्येक हाकेमागं किटलीच्या झाकणावर माप दोनदा वाजवायचे. टण टण. तिनं फोनवर ताटली घेऊन वाजवून दाखवलं.